नखाएवढ्या आसनाची खातरजमा

लढाऊ विमानाच्या कक्षात जे जे काही बसवलेले असते, त्यांपैकी बहुतेक साऱ्या वस्तूंचे प्रयोजन विमान उडवणे, त्याची दिशा राखणे किंवा शत्रूला गाठणे एवढेच असते. एकटे वैमानिकाचे आसन असे आहे की ज्याची खरी परीक्षा विमान हातचे गेल्यावरच सुरू होते आणि अवघ्या काही क्षणांत आटोपते. इजेक्शन सीट या नावाने सर्वत्र परिचित असलेले हे आसन, त्यावर माणूस बसलेला असताना स्फोटक काडतुसांच्या बळाने विमानाबाहेर फेकले जाते आणि पुढे हवाई छत्रीच्या आधाराने त्या माणसाला जमिनीवर सुखरूप उतरवण्याची सारी तजवीज त्याच्या सांगाड्यातच केलेली असते. विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करण्याच्या छंदात माझी बरीच वर्षे गेली, आणि त्या छंदाचा सर्वांत मोठा वाटा पंखांना किंवा रंगरंगोटीला न जाता या आसनांच्या तपशिलाच्या शोधाला गेला. १/७२ प्रमाणाच्या प्रतिकृतीत हे आसन जेमतेम सतरा मिलिमीटर उंचीचे, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे, भरते. १/४८ प्रमाणात घेतले तरी ते इंचाच्या आसपासच राहते. एवढ्याशा वस्तूसाठी पत्रव्यवहार, प्रवास आणि जागरणे करावीत काय, असे मला पुष्कळांनी विचारले आहे, आणि ती करावीत असे माझे ठाम मत आहे.

माझी नोकरी सचिनच्या जीआयडीसीतील एका रंगाई-छपाईच्या कारखान्यात, डाइंग मास्टरची. सुरतेहून मुंबईच्या दिशेने निघालेली गाडी उधना आणि भेस्तान मागे टाकून सचिनला येते. तेथे उतरून कारखान्यांच्या रांगांतून चालू लागले की जेट मशीनमधून निघणाऱ्या वाफेचा आणि रंगांचा तो विशिष्ट दर्प येतो, आणि त्या दर्पातच खानदेशातून पोटासाठी आलेल्या हजारो मराठी माणसांचे आयुष्य गेलेले आहे. पाळी संपल्यावर खोलीवर येऊन, मोटार-वाइंडिंगच्या दुकानातून मागून आणलेली केसासारखी तांब्याची तार, औषधी मलमाच्या नळीचा मऊ पत्रा आणि प्लॅस्टिकच्या चकत्या यांतून मी आसने घडवीत आलो. पट्टे पत्र्याचे, बक्कल तारेचे, उशी पुटीची. हे हातकाम कालांतराने सवयीचे होते. त्याच्या आधी जे काम करावे लागते, म्हणजे अमक्या विमानात अमक्या काळी नेमके कोणते आसन होते आणि ते कसे दिसत होते याचा निर्णय, ते मात्र सवयीने होत नाही.

या आसनांचा इतिहास ज्यांच्या नावाशी मुख्यतः जोडला जातो ते जेम्स मार्टिन आणि व्हॅलेंटाइन बेकर हे इंग्लंडातले भागीदार. कॅप्टन बेकर यांचा १९४२च्या सप्टेंबरात कंपनीच्याच नव्या विमानाची चाचणी घेताना मृत्यू झाला, आणि सहकाऱ्याच्या त्या मृत्यूनंतर वैमानिकाच्या सुरक्षिततेचा विषय मार्टिन यांच्या मनात ठाण मांडून बसला, असे त्या कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. २४ जुलै १९४६ रोजी बर्नार्ड लिंच नावाच्या कामगाराने उडत्या मीटिओर विमानातून, ताशी ३२० मैलांच्या वेगात, ८,००० फुटांवरून स्वतःला आसनासह बाहेर फेकवून घेतले. हा लिंच कारखान्यातला फिटर होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या यंत्राला आपला हात लागला त्याच्यावर त्याने आपला जीव ठेवला. पुढे त्या एका कंपनीच्या आसनांनी जगभरात ७,०००हून अधिक प्राण वाचवले. जर्मनीत आणि स्वीडनमध्येही याच सुमारास किंवा त्याआधी स्वतंत्र प्रयत्न झाले होते, आणि प्रत्यक्ष संकटात अशा आसनाने प्राण वाचल्याचे पहिले उदाहरण १९४२च्या जानेवारीतले, एका जर्मन वैमानिकाचे आहे.

आता आपल्या देशाकडे वळले की प्रतिकृतिकाराची खरी कसोटी सुरू होते, कारण भारतीय वायुदलाने ब्रिटिश, फ्रेंच, सोव्हिएत आणि स्वदेशी अशी चारही घराण्यांची विमाने वापरली, आणि प्रत्येक घराण्याच्या आसनाची रीत निराळी. १९४८ साली आलेल्या एकासनी व्हँपायरमध्ये असे आसन नव्हतेच. वैमानिकाने काच सारून उडी टाकायची. कॅनबेरा विमानाच्या बी(आय)५८ या जातीत वैमानिकापाशी उडते आसन होते, परंतु पुढे नाकाडात ओणवा होऊन लक्ष्य पाहणाऱ्या दिग्दर्शकाला ते नव्हते, आणि त्याने संकटसमयी दाराने बाहेर पडावे अशी योजना होती. ज्याला हे ठाऊक नाही तो उत्साहाच्या भरात दोन्ही जागी आसने बसवतो, आणि विमानातल्या दोन माणसांच्या नशिबात जो फरक होता तो पुसून टाकतो. माझ्या लेखी ही चूक पंखावरच्या क्रमांकाच्या चुकीपेक्षा फार गंभीर होय. नॅट विमानाचे आसन फॉलंड कंपनीने स्वीडिश साब कंपनीच्या नमुन्यावरून हलके करून घेतलेले; बंगळूरला त्याच नॅटवरून जेव्हा अजीत झाले तेव्हा तेथे मार्टिन-बेकरचे आसन आले. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या हाताखाली घडलेल्या आणि १९६१च्या जूनमध्ये पहिल्यांदा उडालेल्या मारुतात मार्टिन-बेकरचेच, चौथ्या मालिकेतले. तेव्हा नॅटच्या साच्यातून अजीत काढू पाहणाऱ्याने बाहेरचे फेरफार केले आणि आसन जुनेच ठेवले, तर त्या प्रतिकृतीची बाहेरची बाजू एका सालातली आणि आतली दुसऱ्या सालातली होऊन बसते.

या शोधात पुरावा कोणता मानावा, हा प्रश्न मला पहिल्यापासून पडत आला, आणि त्याचे उत्तर शोधताना मला विमानांच्या ग्रंथांपेक्षा आपल्या इतिहाससंशोधकांचा मार्ग अधिक उपयोगी पडला. इतिहासाचार्य राजवाड्यांपासून आपल्याकडे अस्सल कागदाला बखरीपेक्षा जास्त वजन देण्याची शिस्त रूढ झाली. तथापि अस्सल कागददेखील घडलेल्या गोष्टीचाच दाखला देतो असे नाही, कित्येकदा तो ठरलेल्या गोष्टीचा दाखला देतो. मी ज्या गावात राहतो त्या गावाचाच दाखला घ्या. सचिन हे सिद्दी नवाबांचे छोटेखानी संस्थान होते. १७९१ साली बाळूमियाँ सिद्दी याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि त्याच्या मोबदल्यात त्याला सुरतेजवळचा हा मुलूख मिळाला; करारनामा रीतसर झाला, सचिनचे संस्थान उभे राहिले, पिढ्यान्पिढ्या चालले, पण जंजिरा मात्र पेशव्यांच्या ताब्यात कधीच आला नाही. करारनामा अस्सल आहे, त्यावर बोट ठेवायला जागा नाही, आणि तरीही जो केवळ त्या कागदावर विसंबून जंजिऱ्यावर भगवा रंगवील तो फसेल. विमानाच्या कारखान्यातील आरेखने आणि देखभालीच्या पुस्तिका यांचा दर्जा मी या करारनाम्याइतकाच मानतो. त्या काय असावे ते सांगतात. धावपट्टीवर उभ्या असलेल्या एखाद्या विशिष्ट क्रमांकाच्या विमानात, विशिष्ट साली काय होते, हे सांगायला छायाचित्र लागते, आणि छायाचित्र काय म्हणते ते कळायला त्या आसनाला हात लावलेला माणूस लागतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मिग-२१चे. नाशिकजवळच्या ओझरला हे विमान बांधले गेले, म्हणून मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना ते घरचे वाटते. बाजारात मिळणाऱ्या प्रतिकृतींच्या खोक्यावर नुसते मिग-२१ असे नाव दिसते, आणि घेणाऱ्याला वाटते की त्यात एकच आसन असणार. वास्तविक वायुदलात टाइप ७७ या नावाने ओळखले गेलेले, म्हणजे एफएल जातीचे, विमान आणि टाइप ९६ या नावाचे पुढचे विमान यांत आसनाच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टाइप ७७मध्ये एसके पद्धतीचे आसन असे. त्या पद्धतीत कक्षावरचे काचेचे झाकण पुढच्या कडेला बिजागरीने जोडलेले असून, आसन उडू लागले की ते झाकण आसनाला अडकून त्याच्याबरोबरच जाई आणि समोरून येणाऱ्या प्रचंड वाऱ्याच्या माऱ्यापासून वैमानिकाला ढालीसारखे झाकून घेई. कल्पना अत्यंत बुद्धिमान होती. परंतु जमिनीलगत संकट आले तर झाकण सुटून छत्री उघडेपर्यंत जी उंची हाताशी असावी लागे ती नसे. म्हणून पुढच्या जातीत केएम-१ हे आसन आले, जे ताशी १३० किलोमीटरचा वेग असला तर जमिनीवरूनही माणसाला वाचवू शके, आणि त्याच्याबरोबर समोरची काच कायमची बसवलेली व झाकण उजव्या कडेला उघडणारे, अशी सारी मांडणीच बदलली.

या एका फरकातून प्रतिकृतिकाराला केवढी सोय होते ते पाहण्यासारखे आहे. जुन्या छायाचित्रात आसन बहुधा दिसत नाही; कक्षात अंधार असतो, वैमानिक शिडीवर उभा राहून हसत असतो आणि त्याच्या खांद्याआड सारे काही लपलेले असते. पण झाकण कोणत्या बाजूला उघडले आहे एवढे जरी दिसले तरी आसन कोणते हे छातीठोकपणे सांगता येते. झाकण पुढे कलंडून उभे राहिले असेल तर आत एसके. उजवीकडे पडले असेल तर केएम-१. कलाईकुंडा येथे ११ डिसेंबर २०१३ रोजी टाइप ७७ निवृत्त झाले, तेव्हाच्या छायाचित्रांतही ही खूण स्वच्छ आहे. इतिहासातला एखादा न सापडणारा कागद दुसऱ्या कागदातील उल्लेखावरून ताडावा, तसलाच हा प्रकार होय, आणि असा निष्कर्ष हाती आला की जो आनंद होतो तो आसन घडवून झाल्याच्या आनंदापेक्षा मला अधिक वाटत आला आहे.

माणसांच्या साक्षीविषयी लिहावयाचे तर उधन्याला राहणारे, मूळचे पाचोऱ्याकडचे, वायुदलाच्या आर्मामेंट शाखेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ माझ्या या अभ्यासाचे खरे आधार. आसनात काडतुसे असतात, म्हणून त्याची देखभाल या शाखेकडे असते. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला मास्टर म्हणतात, जसे कारखान्यात सारेच म्हणतात. पहिल्याच भेटीत मी त्यांच्यापुढे चित्रांची चळत ठेवली आणि उशांचा रंग विचारला, तेव्हा त्यांनी चित्रे बाजूला सारली.

“मास्टर, रंग मागनं विचारा,” ते म्हणाले. “सीटपाशी गेलं की आधी पिना बघायच्या. पिना आत आहेत का, लाल फीत बाहेर दिसतेय का. ज्यानं हे बघितलं नाही त्याला मी कॉकपिटात हात घालू दिला नाही, मग तो कोणी का असेना.”

त्यांच्या या एका वाक्याने माझ्या प्रतिकृतींची रीत बदलली. जमिनीवर उभ्या असलेल्या, झाकण उघड्या असलेल्या विमानात आसन सुरक्षित केलेले असते. म्हणजे खटका चुकून ओढला जाऊ नये म्हणून त्यात पिना घातलेल्या असतात आणि त्यांना लाल फिती किंवा तबकड्या लोंबत असतात. विमान उडण्यापूर्वी त्या काढल्या जातात. तेव्हा झाकण उघडे, शिडी लावलेली, आत माणूस नाही, आणि आसनावर लाल फीतही नाही, असे दृश्य ज्या प्रतिकृतीत दिसते ते विमानतळावर दिसणार नाही. अण्णांनी मला मार्टिन-बेकरच्या जुन्या आसनाची रचनाही हाताने हवेत आकृत्या काढून समजावली: डोक्यामागून वर आलेली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची कडी, जी दोन्ही हातांनी खाली ओढली की कापडी पडदा तोंडावर येई आणि त्याच ओढीने आसन सुटे, पाठीमागे एकात एक बसलेल्या नळ्यांची तोफ, जिच्या माथ्यावर पहिले काडतूस आणि नळ्या लांबत जाताना एकामागून एक पेटणारी दुय्यम काडतुसे, जेणेकरून धक्का एकदम न बसता चढत जावा आणि पाठीचा कणा शाबूत राहावा, एका बाजूला छोटी छत्री खेचून काढणारी बंदूक, दुसऱ्या बाजूला वेळ मोजून माणसाला आसनापासून मोकळे करणारी पेटी, आणि उंच आकाशात प्राणवायू विरळ असल्यामुळे सुमारे १०,००० फुटांच्या खाली येईपर्यंत ती पेटी अडवून धरणारी वायुदाबाची डबी. यातला प्रत्येक भाग माझ्या प्रतिकृतीत तांदळाच्या कणीएवढा होतो. पण तो कशासाठी आहे हे कळल्यावर हात तो डाव्या बाजूचा उजवीकडे लावूच शकत नाही, असा माझा अनुभव आहे. नुसते चित्र पाहून नक्कल करणारा थकला की विसरतो. कार्य समजलेला माणूस थकला तरी विसरत नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र अण्णांपेक्षा माझा धंदा मला जास्त उपयोगी पडला. रंगखात्यात आम्ही ग्राहकाच्या नमुन्याशी लॅब डिप, म्हणजे चाचणीसाठी रंगवलेला कापडाचा तुकडा, जुळवतो तेव्हा तो लाइट बॉक्समध्ये निरनिराळ्या प्रकाशांत धरून पाहतो, कारण ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला शेड उन्हात नेला की फुटतो. सोव्हिएत विमानांच्या कक्षातील तो सुप्रसिद्ध निळसर हिरवा रंग हे याचे उत्तम उदाहरण. फ्लॅशच्या प्रकाशात तो निळा दिसतो, उन्हात हिरवा, सावलीत राखी, आणि तिन्ही छायाचित्रे खरी असतात. त्यातून छायाचित्र म्हणजेच मुळी रंग चढवलेला कागद. जुन्या रंगीत छायाचित्रातली निळसर रंजके अंधाऱ्या कपाटातही इतरांच्या आधी विरतात, आणि म्हणून सत्तरीतील अल्बम आज तांबूस दिसतात. ज्याने लॉटमागून लॉट कापड रंगवले आहे त्याला या तांबूसपणाचे नवल वाटत नाही; तो ताबडतोब त्या चित्रात अशी जागा शोधतो की जिचा मूळ रंग निर्विवाद आहे. भारतीय विमानांच्या बाबतीत ती जागा आयतीच मिळते. पंखावर वा धडावर असलेल्या चक्रचिन्हातला पांढरा भाग आज किती गुलाबी झाला आहे हे पाहिले, की त्याच चित्रातील उशीच्या खाकीतून किती तांबडा वजा करायचा याचा अंदाज बांधता येतो. मी असे ताळे घालून शेड कार्डे केली आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे चित्र कोणते, साल कोणते, प्रकाश कसला, याची नोंद ठेवली आहे.

प्रत्यक्ष विमाने पाहावीत म्हणून मी गोव्याला बोगमाळो येथील नौदलाच्या विमान संग्रहालयात, दिल्लीला पालमच्या वायुदल संग्रहालयात आणि बंगळूरच्या एचएएलच्या संग्रहालयात जाऊन आलो. सी हॉक, मारुत, तुफानी, मिस्टेअर ही विमाने डोळ्यांनी पाहण्याचे समाधान शब्दांत सांगता येणार नाही. तथापि संग्रहालयातील विमान हा पुरावा जपून वापरावा लागतो. काचा धूसर होतात, पट्टे कुजतात, काडतुसे तर काढलेलीच असतात, आणि प्रदर्शनासाठी रंग देताना कक्ष सरसकट एका रंगात रंगवला जाणे कोठेही संभवते. मापे घ्यावयाची ती तेथे घ्यावीत. रंग तेथून घेऊ नये.

सध्या माझ्यापुढे काम आहे ते सुखोई-७चे. १९६८ साली आपल्या वायुदलात आलेल्या या विमानातून १० डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांना पाकिस्तानच्या हद्दीत उडी घ्यावी लागली. ते युद्धकैदी झाले, आणि १९७२च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या छावणीतून ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह भिंत फोडून निसटले, पार अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी पोहोचले आणि तेथे पकडले गेले. या पलायनाची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. त्यावर पुस्तक झाले, चित्रपटही निघाला. मला तिचा जो भाग सर्वांत आधी दिसतो तो मात्र भिंतीच्या आधीचा आहे. ते आसन त्या दिवशी नीट सुटले नसते तर पुढची कथा घडलीच नसती. ज्याने ते आदल्या दिवशी तपासले त्या अनाम आर्मामेंट फिटरचा त्या कथेत वाटा आहे, असे अण्णा म्हणाले नाहीत, पण सुखोईचे नाव काढल्यावर ते बराच वेळ त्याच्या तपासणीचा क्रमच सांगत राहिले.

हे आसन सुखोई कार्यालयाचे स्वतःचे, केएस मालिकेतले. त्या काळी सोव्हिएत देशात प्रत्येक विमानकर्ता आपापली आसने आपणच आखी, म्हणून मिग घडवणाऱ्या मिकोयानचे आसन सुखोईला चालत नाही. पुढे झ्वेझ्दा कारखान्याचे के-३६ आले आणि ही विविधता संपत गेली. ओझरला बांधल्या गेलेल्या सुखोई-३०मध्ये हेच के-३६ घराणे आहे, आणि त्याची चित्रे मुबलक आहेत. जुन्या केएसची तशी नाहीत. माझ्या हाती आतापर्यंत एका देखभाल-पुस्तिकेतील रेखाकृती, बाजूने घेतलेली काही कृष्णधवल चित्रे आणि अण्णांनी वहीच्या पानावर काढून दिलेली पट्ट्यांची मांडणी एवढा ऐवज जमला आहे. सांगाडा व रूळ यांची मापे रेखाकृतीशी जुळली. डोक्यामागच्या पेटीची खोली जुळत नाही, कारण रेखाकृतीत ती सपाट आहे आणि चित्रांत तिला उतार दिसतो. ही तफावत आसनाच्या दोन उपजातींमुळे असेल तर कोणती उपजात १९७१ साली आपल्या स्क्वॉड्रनकडे होती हे ठरवावे लागेल. चित्र तिरपे असल्यामुळे भास होत असेल तर सरळ समोरून किंवा मागून घेतलेले एक चित्र पुरे होईल. सुखोईवर काम केलेल्या आणखी दोन गृहस्थांना अण्णांच्या ओळखीने पत्रे घातली आहेत, एक अंबाल्याला आणि एक जळगावला. त्यांची उत्तरे येईपर्यंत पेटी न चिकटवता मी पट्टे कापून, रंगवून, वाळत ठेवले आहेत.